गर्भपाताबद्दल स्वतःचं मत कसं बनवायचं?

रामबागची मुलगी, इंदूर
मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजात गर्भपातावर वादविवाद आहे, चिठ्ठीत मला विरोधी बाजू आली. घरी आजी एका शब्दात ‘पाप’ म्हणते. आईनं विषयच बदलला. मोबाईलवर पाहावं तर सगळं अमेरिकेचं: गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड हा निकाल, 2022 मध्ये तो उलटला, दोन्हीकडच्या घोषणा. त्या मला पाठ झाल्यात, पण माझं मत काय ते कळत नाहीये. तुम्ही कसं ठरवलंत?

वकीलकाका
आधी आपला कायदा वाच. 1971 चा एमटीपी, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर आला, कारण चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, 20 ते 24 मध्ये ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचं. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. पण मागेल तिला मिळेल असा हा हक्क नाही. गर्भपाताचं कारण कायद्यात बसावं लागतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं 26 आठवड्यांच्या एका विवाहितेला परवानगी नाकारली. त्याआधी दोन महिला न्यायमूर्तींत, हिमा कोहली आणि नागरत्ना यांच्यात, मतभेद झाले होते. ती दोन्ही मतं वाच. तुझ्या दोन्ही बाजू तिथे आहेत.

निवृत्त सिस्टर
बाळा, मी इथेच इंदूरला प्रसूती विभागात 34 वर्षं काढली. 1980 च्या सुमाराला धारकडून एक बाई आणली. सहा लेकरं होती, सातवं नको होतं. दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात म्हणून ती दाईकडे गेली, दाईनं काडी घातली. पोट फळीसारखं कडक झालेलं. दोन दिवसांत गेली. तिच्या धाकटीला मी व्हरांड्यात बिस्कीट दिलं, ते तिनं खाल्लं नाही, मुठीत धरून बसली. सज्ञान बाईला कायद्यात नवऱ्याची सही लागतच नाही. तेव्हाही लागत नव्हती. आम्ही मागत होतो.

दुसरी आली सोनोग्राफी गल्लोगल्ली झाल्यावर. दोन मुलींची आई. शेजारी सासू, सगळी उत्तरं तीच देऊन राहिली. कागदावर कारण ‘गर्भनिरोधक फसलं’. पोटात तिसरीही मुलगीच आहे हे मला ठाऊक होतं. सून एक शब्द बोलली नाही. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्यानं बंदी आहे, पण तिचा कागद चोख होता. मी ट्रे लावून दिला. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

‘बाईचा निर्णय’ असं मी पण म्हणते. पण ह्या सुनेचा तो होता का? तेव्हापासून मी एकच बघते: बाईला खोलीत एकटीला बसवून कुणी विचारलं का? माझं मत एवढ्यावर उभं आहे.

एक वडील
सिस्टर, तुमचं पटतं, तरी मी विरोधी बाजूचा आहे. माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. सकाळी आम्ही दोघं राजवाड्यापर्यंत चालत जातो, पोहेवाला त्याला नावानं हाक मारतो. निरोगी गर्भाला 24 आठवड्यांनंतर कायदा जपतो, दोष दिसला की मुदतच उरत नाही. हे मला लागतं. माझ्या बायकोला सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी फक्त काय काय जमणार नाही ते सांगितलं होतं. असं मूल असलेलं एखादं घर बघून या, असं कुणीच म्हटलं नाही.

रामबागची मुलगी, इंदूर
सिस्टर काकू, काका, दोघांचं आईला वाचून दाखवलं. ह्या वेळी ती उठून गेली नाही. वहीत दोन वाक्यं लिहिलीत: बाईला एकटीला विचारल्याशिवाय काहीच होऊ नये, आणि दाईच्या काडीकडे परत जायचं नाही. 24 आठवड्यांपुढच्या दोषाबद्दलचं तिसरं वाक्य तीनदा खोडलं. काका, रविवारी सकाळी मी तुमच्याबरोबर राजवाड्यापर्यंत चालायला आले तर चालेल?