वायर पासला आई-बाबांना न्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही फिनिक्सला असतो, आईबाबा पुण्याहून आलेत आणि ऑक्टोबरमध्ये युटामधल्या वायर पास या खडकातल्या अरुंद घळीत (कॅन्यनमध्ये) जायचं डोक्यात आहे. म्हणजे तिला पुढे मिळणारी लांबलचक घळ, बकस्किन गल्च, पूर्ण नाही, फक्त जिथे दोन्ही कॅन्यन मिळतात तिथपर्यंत, साधारण पावणेदोन मैल. तिथे भिंतीवर शिंगवाल्या मेंढ्यांची कोरलेली जुनी चित्रं आहेत ना, बाबांना तीच बघायचीयत. रत्नागिरीजवळच्या उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती बघून आल्यापासून त्यांना हे वेडच लागलंय!

अडचण अशी की वाटेत एका ठिकाणी दगड अडकलाय तिथे खाली उतरायला लागतं, कधी शिडी असते कधी पुरात वाहून जाते म्हणे. बाबा ६८ चे, सिंहगड अजून चढतात पण उतरताना गुडघा कुरकुरतो. आईचं तर आत्ताच सुरू आहे, "एवढ्या फटीत शिरायचं कशाला?" हल्ली कोणी जाऊन आलं असेल तर शिडी आहे का सांगा ना, आणि वरून वळसा घालून जाता येतं का?

दुसरं, हायवे ८९ पासून पुढचे आठ-नऊ मैल कच्चा रस्ता आहे, आमची साधी कॅमरी. फेब्रुवारीत गेलो होतो तेव्हा चिखलात चाकं अशी रुतली की पायपुसणी घालून गाडी काढली आणि पार्किंगपर्यंतही न पोचता परत, परमिटचे पैसे गेले ते वेगळेच. किती दिवस कोरडे गेले की जावं?

पुराचं माहितीये, आभाळ आलं तर आत पाऊल टाकणार नाही.