व्हॅनला शिवी नाही, तरी शिवी आहे. मराठीत कशी आणू?

प्रश्न: अर्धीओळ

मंडळी, मी पोटासाठी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहितो. एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्याच्या वर एक चालत नाही. सध्याच्या मालिकेत एक मेकॅनिक आहे. काल व्हॅन सुरू होईना तेव्हा तो ओरडला, ‘हू द फक फक्ड विथ माय फकिंग व्हॅन?’

मी लिहिलं, ‘कोणत्या मूर्खाने माझ्या फालतू गाडीत ढवळाढवळ केली?’ बायकोने वाचून विचारलं, मेकॅनिक आहे की मुख्याध्यापक? शिवाय ‘फालतू’ साफ चूक, कारण त्या व्हॅनवर त्याचा जीव आहे. पहिला फक नुसता ‘कोण’ला जोर देतो, दुसरा क्रियापद, आणि तिसरा विशेषणाच्या जागी बसून व्हॅनबद्दल काहीच सांगत नाही. काय करू?

जाता जाता: मामेभावाने फॉरवर्ड पाठवलाय की जुन्या इंग्लंडात मूल होऊ द्यायला राजाची परवानगी लागायची, दारावर तशी पाटी लावत, आणि पाटीवरच्या आद्याक्षरांचा हा शब्द झाला. खरं का?

जुनी_वही

थाप आहे. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची खोड मुख्यतः विसाव्या शतकातली. हा शब्द जर्मॅनिक कुळातला, डच ‘फोकन’ त्याचा भाऊबंद. स्वीडिश बोलींतल्या भावंडाचा एक अर्थ ‘ठोसणे’ असाही आहे.

पंधराव्या शतकातली एक लॅटिन-इंग्रजी खिचडी कविता आहे, केंब्रिजच्या कार्मेलाइट पंथाच्या साधूंची टर उडवणारी. ते स्वर्गात जाणार नाहीत, कारण ते जवळच्या ईली गावातल्या बायकांबरोबर... आणि इथे कवी घाबरला. त्याने प्रत्येक अक्षराऐवजी पुढचं अक्षर लिहिलं: जी, एक्स, डी, डी, बी, ओ, व्ही. एकेक अक्षर मागे सरका. यू आणि व्ही तेव्हा एकच अक्षर, आणि लॅटिन वर्णमालेत डब्ल्यू नाही, म्हणून एक्सच्या मागे यू येतो आणि व्हीच्या मागे टी. हाती लागतं ‘फुक्कांत’. इंग्रजी धातूला लॅटिन शेपूट!

त्याच्याही आधी, १३१० साली, चेशरच्या कोर्टाच्या दप्तरात रॉजर फकबायदनेव्हल नावाचा एक आरोपी सापडतो. नेव्हल म्हणजे बेंबी. बिचाऱ्याला गावाने नाव ठेवलं ते सातशे वर्षं टिकलं.

माहीमकर

आपल्याकडचं एक सांगतो. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’मध्ये हा शब्द आहे. अश्लीलतेच्या खटल्यात लंडनच्या ज्यूरीने १९६० मध्ये प्रकाशक पेंग्विनला निर्दोष सोडलं. पण तेच पुस्तक विकलं म्हणून मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये कायम केली. दंड किती? वीस रुपये! खटला ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात हा शब्द आला तोसुद्धा १९७२ च्या पुरवणीत.

सांगलीची_सून

इतिहास झाला, आता त्याच्या ओळीचं बघा. इंग्रज हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटातसुद्धा घुसवतात, ‘अ‍ॅब्सो-फकिंग-लूटली’. जिथे आघात पडतो, त्याच्या बरोब्बर आधी. ‘अ‍ॅब-फकिंग-सोल्यूटली’ कुणी म्हणणार नाही. आपण ‘नक्की’चं पोट फाडून काही घालू शकत नाही. पण आपल्याकडे ‘च’ आहे की! जोर हवा तिथे चिकटवा. शिवी शोधू नका, जोर शोधा:

‘च्यायला, माझ्याच व्हॅनची वाट कुणी लावली?’

तिसरा फकिंग त्या ‘च’मध्ये गेला. अक्षरं मोजा, बसतात.

अर्धीओळ

ताई, बसली ओळ! पाठवूनही दिली. तासाभरात तपासनिसाचा शेरा आला: ‘च्यायला म्हणजे त्याच्या आईला. मूळ संवादात आई कुठे आहे?’ त्याचंही चूक नाही. आपल्या शिव्या थेट समोरच्याच्या घरात शिरतात.

तात्पुरतं ‘आयला’ केलंय. आई आहेच, पण निदान कुणाची ते कळत नाही. सहाव्या भागात मेकॅनिकची खरी आई येते आणि पहिल्याच वाक्यात तोच शब्द तीन वेळा म्हणते. तिला काय देऊ?