'शॅडो टीचर आणा, मगच प्रवेश': ही अट असावी का?

पालक, डिचोली (गोवा)
स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाचा प्रवेश घ्यायला गेलं की सांगतात, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्या मुलासोबत राहणारी मदतनीस, तुम्ही शोधा, पगारही तुम्हीच द्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोय द्यायला लावतं. कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला शिक्षण मोफत. मग हा भुर्दंड आमच्यावर का? अट रद्दच व्हायला हवी.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगे
अट रद्द करायला माझा विरोध. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळला की मूल कान दाबून बाहेर पळतं, आणि फाटकापलीकडे रस्ता. एकटी टीचर त्याच्यामागे धावेल की वर्ग सांभाळेल? शिवाय कलम 31 मध्येच पसंतीच्या विशेष शाळेचा पर्याय आहे. तो घेण्यात कमीपणा कसला?

विशेष शिक्षिका, म्हापसा
सर, पळण्याची भीती खरी आहे. त्यावर उपाय: फाटकाला कडी, मुलाची जागा दारापासून लांब, पाऊस वाढण्याआधीच कानांवर इअरमफ आणि शांत कोपऱ्यात जायचं कार्ड बाकावर चिकटवलेलं. कार्ड दाखवलं की जाऊ द्यायचंच, 'आधी गणित पूर्ण कर' म्हणायचं नाही. एकदा अडवलं की मूल कार्ड सोडून पळणंच निवडतं.

शॅडो चिकटून बसली की वेगळंच बिघडतं. मूल तिच्या तोंडाकडे बघून उत्तर देतं आणि वर्गाची टीचर त्याच्याशी बोलणंच सोडते. म्हणून शॅडो आधी शेजारी, मग मागच्या बाकावर, मग दारापाशी. मूल आपणहून काम सुरू करू लागलं की पुढचा टप्पा. सूचना छोटी, एकदाच, मग मनात दहा अंक. मध्येच शब्द बदलून परत सांगितलं तर त्याला समजून घ्यायला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हात धरून लिहून घेणं तर बंदच करा. 'नको' म्हणून हात मागे घेतला, तर तो नकार मानायचा.

पाचवीत मराठीतून इंग्रजीत जाताना कार्डांवरची चित्रं तीच ठेवा, फक्त खालचा शब्द बदला.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगे
बाई, हे सगळं करायला माणूस लागतोच ना? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला अशा 10 मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला. एकच मूल असलेल्या खेड्यातल्या शाळेला तो रोज कुठून मिळणार? पहिल्या टर्मपुरती तरी अट राहू द्या. पगार शिक्षण खात्याने द्यावा.

पालक, डिचोली
पगाराचं पटलं, अटीचं नाही. खात्याचा माणूस दिवाळीत आला तर तोवर मूल घरी बसणार. आधी हजेरीपटावर नाव घाला. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या, म्हणजे राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे दाद मागता येईल.