वसईचा हिरवा पट्टा: चर्चने बोलावे का, आणि बोलावे तर कोणाशी?

पश्चिमपट्टा:
वसईतील चर्चने पर्यावरणाच्या प्रश्नात पडावे की नाही, हा वाद जुना आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बागायती जमिनी बिगरशेती करण्याचा धडाका सुरू झाला आणि वाड्यांतील विहिरींवर पंप बसवून टँकर भरले जाऊ लागले. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या माध्यमातून लढा उभारला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वसईकरांना मात्र ते त्याआधी मोर्चाच्या अग्रभागी दिसले होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे या कामाचे रूप कोणते असावे, यावर मोकळेपणाने बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत असे आहे की चर्चने या प्रश्नात राहावे, परंतु त्याचा संवाद जे मिस्सेला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला, येत नाहीत त्यांच्याशी व्हावा. आज ‘समाजसंवाद’ म्हणून जे चालते ते बहुतेक वेळा रविवारच्या मिस्सेनंतर, चर्चच्याच सभागृहात, आधीपासून एकमत असलेल्या माणसांत चालते. २००९ साली चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावे एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. यातील बहुसंख्य लोक नालासोपारा, विरार, नवघर येथील इमारतींत राहतात. त्यांच्यावाचून ‘वसईकरांचा निर्णय’ कसा होणार?

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पर्यावरणविषयक परिपत्रकाचे पाचवे प्रकरण जवळजवळ सगळे संवादावरच आहे. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांची तपासणी पारदर्शक असावी आणि त्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असावे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आता स्थानिक रहिवासी म्हणजे फक्त सातबाऱ्यावर नाव असलेला, असा अर्थ आपण लावणार आहोत का?

कायद्याची_बाजू:
प्रश्न चांगला मांडला आहे, पण मूळ गृहीतच मला मान्य नाही. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा केंद्रीय कायदा धार्मिक संस्थेच्या जागेचा वापर राजकीय कार्यासाठी करू देत नाही, आणि त्यातील राजकीय कार्याची व्याख्या केवळ पक्षप्रचारापुरती नाही. राजकीय स्वरूपाच्या प्रश्नासाठी सभा, मिरवणुका किंवा निधिसंकलन करणेही तिच्यात येते. विकास आराखडा, गावे महापालिकेत ठेवणे किंवा वगळणे, हे प्रश्न वसईत निवडणुकीचे मुद्दे झालेले आहेत. मग ते चर्चच्या आवारात कसे आणता येतील? उद्या दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळातून एखाद्या प्रकल्पाच्या बाजूने आवाहन झाले, तर आपण कोणत्या तोंडाने हरकत घेणार?

दुसरे असे की, प्रवचनात प्रतिप्रश्न विचारता येत नाही. धर्मगुरू वेदीवरून बोलतात तेव्हा श्रोता विश्वासाने ऐकत असतो. आराखड्यातील हरित क्षेत्राचे आरक्षण हा विश्वासाचा विषय नव्हे. ज्या परिपत्रकाचा दाखला आपण देता, त्यातच वैज्ञानिक प्रश्नांचा निकाल लावण्याचा किंवा राजकारणाची जागा घेण्याचा चर्चचा दावा नाही, असेही लिहिले आहे. फादरांनी नागरिक म्हणून मोर्चात यावे, नागरिक म्हणूनच हरकत नोंदवावी. त्याला कोणाचाही विरोध असू नये.

बावखल:
त्याच परिच्छेदातील पुढचे वाक्य आपण सोडून दिलेत. खुली आणि प्रामाणिक चर्चा व्हावी अशी इच्छा तिथे लगेच व्यक्त केली आहे. अर्धा परिच्छेद वाचून निकाल देऊ नये, एवढीच विनंती.

त्या काळात गावातला एकटा माणूस टँकरवाल्याविरुद्ध बोलायला धजत नव्हता, हे इथल्या जुन्या लोकांना विचारा. सगळ्या गावाने एकत्र बसण्याची जागा चर्चच होती, म्हणून आवाज तिथून उठला. समितीत इतर समाजांचे कार्यकर्तेही होते. तिला केवळ ख्रिस्ती लढा म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे.

पाण्याचा हा प्रश्न ‘राजकीय’ म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तो आधी भूशास्त्राचा आहे. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. म्हणजेच वरची पातळी मीटरभर उतरली की खालून खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढते. एकदा विहीर मचूळ झाली की आधी पानवेल जाते, मग केळी. ज्या राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, होते, त्यांच्या वाड्या याच पट्ट्यात होत्या. आमची बावखले, म्हणजे वाडीतील ती गोड्या पाण्याची खोलगट तळी, पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवत असत. त्यांतली कितीतरी भराव घालून बुजवली गेली, आणि त्या भरावावर आज काय उभे आहे ते सांगायला नको. बावखल बुजवू नका असे प्रवचनात सांगणे हा जर राजकारणाचा भाग असेल, तर ‘चोरी करू नका’ ही आज्ञाही राजकीयच म्हणावी लागेल.

सोपारा_पूर्व:
मी ख्रिस्ती नाही, शेतकरीही नाही. कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्यांत राहतो. ‘हरित वसई’ हा शब्द ऐकला की माझ्यासारख्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, या हिरव्या चित्रात आपण नाही. पश्चिमेकडची मंडळी आमच्या इमारतींचा उल्लेख नेहमी आक्रमण म्हणून करतात. ती जमीन बिल्डरला कोणी विकली, हे मात्र कोणी बोलत नाही. खरेदीखतावर सही करणाऱ्यांत प्रवचन ऐकणारेही असतीलच.

जुलै २०१८ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होते, वीज गेली होती, लोकल बंद होत्या. नाले अरुंद झाले, पाणथळ जागांवर आणि मिठागरांच्या बाजूने भराव पडले, म्हणून आम्ही बुडतो, हे आम्हालाही कळते. उन्हाळ्यात टँकरचे पैसे आम्हीच मोजतो. म्हणजे तुमच्या विहिरीचा उपसा आणि आमचा रिकामा नळ ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. परंतु इतक्या वर्षांत आमच्या सोसायटीला अशा एकाही सभेचे निमंत्रण आलेले मला आठवत नाही. धागाकर्त्याशी मी सहमत आहे, पण त्यांनी हे आमच्या लक्षात आणून देण्याऐवजी आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, बोलावे, असे सुचवतो.

वाडीवाला:
‘सोपारा_पूर्व’ यांचा टोला बसला, आणि तो योग्य जागी बसला. तरी विकण्यामागची गोष्ट लोभाएवढी सोपी नाही. वाडीचे चार भावांत वाटे होतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही गुंठे येतात, पाणी खारट, मजूर मिळत नाही, मुले बँकेत किंवा आखातात नोकरीला. अशा माणसाला ‘जमीन विकू नकोस, ती देवाची देणगी आहे’ असे सांगून प्रश्न सुटत नाही. चर्चने नैतिक आवाहन कमी आणि व्यवहाराची मदत जास्त करावी: पडीक वाड्या कसणाऱ्याला करारावर मिळवून द्याव्यात, भाजी आणि फुले थेट सोसायट्यांत विकण्याची व्यवस्था लावावी. मुंबईच्या बाजाराला पहाटे माल नेणाऱ्या आमच्या बायकांना सोपाऱ्यातील गिऱ्हाईक दारात मिळाले, तर दोन्ही बाजूंची ओळख आपोआप होईल.

आणि घरचे उदाहरणही द्यावे. आमच्या भागातील एका चर्चच्या आवारात पूर्वी उघडी माती आणि झाडे होती. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत. सणाच्या दिवशी गाड्या लावायला सोय झाली, हे खरे. पण पावसाचा थेंबही तिथे मुरत नाही आणि सगळे पाणी शेजारच्या गल्लीत जाते. पाणी मुरवण्यावरचे प्रवचन त्या फरशीवर उभे राहून ऐकताना मला ओशाळल्यासारखे होते.

सूर्याकाठ:
आपण सगळे वसईच्या खाडीच्या आत बोलत आहात. शहराला नळाने येणारे पाणी मुख्यतः सूर्या धरणाचे आहे, आणि सूर्या प्रकल्प डहाणू, पालघर, विक्रमगड या आदिवासी भागाच्या सिंचनासाठी आखलेला होता. विहिरी वाचवायच्या म्हणून नळाचे पाणी वाढवा, अशी मागणी वसईत सहज होते. तिचा भार आमच्या कालव्यावर पडतो. संवाद करायचाच असेल तर त्यात सोसायटीच्या अध्यक्षांबरोबर सूर्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यालाही बसवा. चर्चच्या शाळा आणि संस्था आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचलेल्या आहेत. निरोप नेण्याची सोय नाही, असे म्हणता येणार नाही.

रोखठोक:
बैठका चालू राहतात आणि डंपरही चालू राहतात. भराव रात्री पडतो. संवादाच्या नावाखाली लढा सौम्य होत असेल, तर मला तो संवाद नको. दिब्रिटोंनी आधी मोर्चा काढला. चर्चेचे आमंत्रण समोरून नंतर आले.

पश्चिमपट्टा:
‘कायद्याची_बाजू’ यांचा जागेविषयीचा आक्षेप मी मान्य करतो. सभा चर्चच्या आवारात नको. निर्मळला शंकराचार्यांचे मंदिर, तळे आणि चर्च एकाच गावात आहेत, तेथील एखाद्या सार्वजनिक सभागृहात ती घेता येईल. मात्र धर्मगुरूंनी केवळ व्यक्ती म्हणून यावे, हे मला पटत नाही, कारण संस्थेकडे शाळा आहेत, जमिनी आहेत आणि विहिरीही आहेत. संस्थेने आपल्या जागेचा हिशेब संस्था म्हणूनच दिला पाहिजे.

‘रोखठोक’ यांना एवढेच सांगतो की, मोर्चाला माझा विरोध नाही, पण आजच्या मोर्चात सोपाऱ्यातील माणूस नसेल तर तो पूर्वीइतका मोठा होणार नाही. पहिल्या सभेचा विषय एकच ठेवावा: पावसाळ्याआधी प्रत्येक गावातील आणि सोसायटीतील विहिरी, कूपनलिका यांचे पाणी तपासून क्षारता आणि पातळी एकाच नकाशावर मांडणे. चर्चच्या आवारातील विहिरींपासून सुरुवात करावी. ‘सूर्याकाठ’ यांचा मुद्दा या नकाशात बसत नाही, हे मला दिसते आहे. त्यासाठी वेगळी बैठक हवी, आणि ती वसईत न घेता पालघरच्या बाजूला घ्यावी.

कायद्याची_बाजू:
नकाशाला माझी हरकत नाही. तो महापालिकेला सादर करताना पत्रावर धर्मप्रांताचे नाव एकटे नसावे, सोसायट्यांचे आणि ग्रामस्थांचेही असावे. आराखड्यावरील हरकती मात्र प्रत्येकाने आपल्या नावाने, आपल्या शब्दांत द्याव्यात. एकाच मजकुराच्या छापील प्रतींवर गठ्ठ्याने सह्या घेतल्या की सुनावणीत त्या गठ्ठ्यानेच निकाली निघतात.