मदत हवी आहे : हा धोबी दुखुनेन्सिस की पर्सोनाटा?

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी पुण्याजवळ कवडीपाटला पांढऱ्या धोब्याचे (White Wagtail या पक्ष्याचे) फोटो मिळाले, पण दुखुनेन्सिस की पर्सोनाटा, या उपप्रजातीवर अडलोय. पूर्ण वाढलेला नर असता तर प्रश्नच नव्हता. पर्सोनाटाचा गाल आणि मानेची बाजू काळी असते, ती छातीच्या काळ्या डागाला जाऊन मिळते आणि चेहऱ्यावर पांढरा मुखवटा घातल्यासारखा दिसतो. दुखुनेन्सिसचे गाल मात्र स्वच्छ पांढरे. हा पक्षी पहिल्याच हिवाळ्यातला वाटतो : चेहऱ्यावर पिवळसर झाक, छातीवर अर्धवट काळी कोर आणि कानाजवळ धुरकट राखाडी डाग. घोडं अडलंय ते त्या डागापाशी. पाठ राखाडी आहे, म्हणून काळ्या पाठीची तिसरी उपप्रजाती, अल्बॉइडिस, मी बाद केली. पंखावर पांढरा पट्टा मोठा आहे, पण तो दोघांतही असतो, त्याचा उपयोग नाही.

पहिल्या हिवाळ्यात दुखुनेन्सिसच्या कानाजवळ इतका राखाडी रंग येतो का? मानेच्या बाजूला नेमकं काय बघायचं? आवाजावरून काही कळतं का?

पक्षी-अभ्यासक साइक्सने 1832 मध्ये ‘दुखुनेन्सिस’ हे नाव आपल्या दख्खनवरूनच ठेवलं, त्यामुळे हा दख्खनी पाहुणा नीट ओळखता यावा अशी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.