मांजरीच्या कानात काळा भुगा, माईट्स (कानातले बारीक किडे) असतील का?

मनीची_ताई
तीन आठवड्यांपूर्वी मांजरीचं पिल्लू आणलंय, अडीचएक महिन्यांचं असेल. खाणं, खेळणं, दंगा सगळं व्यवस्थित, पण कान सारखे खाजवते, मागचा पाय इतका जोरात चालतो की रात्री फरशीवर टकटक टकटक ऐकू येतं आणि मधेच डोकं झटकते. कान उलटा करून बघितला तर आत काळपट चॉकलेटी भुगा, कॉफीच्या चोथ्यासारखा. पुसला की दोन दिवसांत परत तेवढाच. आता आमचा सहा वर्षांचा कुत्रापण कान खाजवायला लागलाय. त्याचे मागच्या वर्षीचे ड्रॉप्स अर्धी बाटली उरलेत, तेच दोघांना घातले तर चालतील का? डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी मिळालीये, तोवर काय करू?

खारूताई
उरलेले ड्रॉप्स अजिबात घालू नका. भुग्याचं वर्णन वाचून माईट्सच वाटतायत, पिल्लांमध्ये हे फार कॉमन, आईकडूनच येतात. एक करून बघा, तो भुगा कापसाने टिपून काळ्या कागदावर झटका, वर दिवा धरा आणि भिंगातून जरा वेळ नुसतं बघत बसा. टाचणीच्या टोकाहून बारीक पांढरे ठिपके सरकताना दिसले तर तेच. मला दिसले तेव्हा अंगावर काटा आला होता, तो कागद दाराबाहेर नेऊन टाकला मी 😄 पण नाही दिसले म्हणजे नाहीतच असं समजू नका.

आमची चूक सांगते. रोज घालायचे ड्रॉप्स दिले होते, सहाव्या दिवशी खाजवणं थांबलं म्हणून आम्ही बंद केले. पंधरा दिवसांत सगळं जैसे थे.

अर्धी_डॉक्टर
मी पशुवैद्य नाही, दवाखान्यात पाच वर्षं मदतनीस होते, त्यामुळे हे कान रोजचे बघितलेत. खारूताईंकडे परत का आलं ते सांगते. साध्या ड्रॉप्सनी जिवंत किडे मरतात, अंडी बहुतेक वेळा तशीच राहतात. अंड्यापासून मोठा किडा व्हायला साधारण ३ आठवडे लागतात, म्हणून कान स्वच्छ दिसला तरी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस औषध घालायचंच. हल्ली बहुतेक जण मानेवर लावायचं औषध देतात, सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनवालं. ते बरं पडतं कारण हे किडे कानातच बसून राहत नाहीत, मांजर अंगाचं वेटोळं करून झोपते तेव्हा मानेवर, शेपटीच्या बुंध्यापाशीही पोचतात. आणि घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना एकदम द्यायचं, नाहीतर एकाचे दुसऱ्याला, दुसऱ्याचे परत पहिल्याला. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, अंगाबाहेरही काही दिवस तग धरतात.

आता महत्त्वाचं. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीला विषासारखं आहे, झटके येऊन मांजर दगावू शकते, त्यामुळे कुत्र्याचं औषध मांजरीला थेंबभरही नको. आणि कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्स आतल्या कानात जाऊन बहिरेपणा येतो, तोल जातो, म्हणून आधी आत बघून घेतात. डोकं एका बाजूला कललेलं राहिलं किंवा चालताना झोकांड्या गेल्या तर चार दिवस थांबू नका.

पिवळा_डांबिस
एवढं टेन्शन कशाला, कोमट तेलाचे चार थेंब घाला, किडे गुदमरून मरतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

अर्धी_डॉक्टर
@पिवळा_डांबिस तेलानं काही गुदमरतात हे खरं, भुगाही मऊ होतो, पण अंडी राहतातच आणि पडदा शाबूत आहे का हे बाहेरून कळत नाही. टी ट्री तेल वगैरे तर मांजरीला सरळ बाधतं. आणि ताई, तोपर्यंत इअरबड आत घालू नका, कानाची नळी आत जाऊन काटकोनात वळते, बडने मळ आणखी आत ढकलला जातो. बाहेरचं दिसतंय तेवढंच टिपा, नखं कापून ठेवा. खाजवून खाजवून कानाच्या पाळीत रक्त साठतं, पाळी उशीसारखी फुगते, मग ते वेगळंच निस्तरायला लागतं.

निवांत_२
माणसाला होतं का हे? मुलं पिल्लाला घेऊनच झोपतात.

खारूताई
सहसा नाही, फार तर हातावर थोडे दिवस पुरळ. पण अमेरिकेत रॉबर्ट लोपेझ नावाच्या पशुवैद्यानं मांजरीच्या कानातले किडे मुद्दाम स्वतःच्या कानात घालून बघितले होते! आत खरवडल्याचा आवाज यायचा म्हणे. त्याला १९९४ चं इग नोबेल (विचित्र, हसू येईल अशा संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस) मिळालं. तुमच्या मुलांना हे सांगू नका, करून बघतील.

मनीची_ताई
आज जाऊन आलो. आधी दुर्बिणीसारखं यंत्र कानात घालून पडदा बघितला, मग मळ काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मलापण दाखवला, आठ पायांचा पारदर्शक बटाटा हळूहळू चालत होता, शी! मनीला माईट्सच. गंमत म्हणजे कुत्र्याच्या मळात एकही किडा सापडला नाही, त्याला यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, निघालं. त्याचा मळ ओलसर होता आणि आंबूस वास येत होता, हे मला विचारल्यावर लक्षात आलं. म्हणजे उरलेले ड्रॉप्स दोघांना घातले असते तर अंधारात तीरच. मानेवरचं औषध दोघांना दिलंय, वजनाप्रमाणे वेगवेगळं, त्याला यीस्टचे ड्रॉप्स वेगळे. महिन्यानं परत तपासून लागलं तर दुसरा डोस.

औषध लावल्यापासून मनी रुसून कपाटावर बसलीये. खाजवणं आहेच अजून, डॉक्टर म्हणाले आतली सूज उतरायला वेळ लागेल. महिन्यानं परत लिहिते इथे.