सोलरसोबत दिलेलं स्ट्रक्चर, केबल, बॅटरी: जीएसटी ५ की १८?

छतावरचं_ऊन:
१० किलोवॅटचा रूफटॉप प्लांट, ५ लाखांचा एकच करार. त्यात पॅनेल, इन्व्हर्टर, जीआय स्ट्रक्चर (पॅनेल बसवायचा जस्त चढवलेला लोखंडी सांगाडा), डीसी केबल, अर्थिंग आणि इन्स्टॉलेशन. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरचा दर १२ वरून ५ टक्के झालाय. तर स्ट्रक्चर आणि केबल बिलात १८ टक्क्यांनी वेगळी दाखवायची का? ग्राहक सगळंच ५ टक्क्यांनी मागतोय.

कर_वही:
दोन्ही चूक. एकाच पुरवठादाराने माल देऊन बसवूनही दिला, की एकूण रकमेचे ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरायची. हा नियम १ जानेवारी २०१९ पासून आहे.

माल ३,५०,००० वर ५ टक्के = १७,५००
सेवा १,५०,००० वर १८ टक्के = २७,०००
एकूण कर ४४,५००, म्हणजे ८.९ टक्के.

स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग सगळं त्या ७० टक्क्यांत आलं. इन्स्टॉलेशन २० हजारच दाखवून बाकी सगळं ५ टक्क्यांत बसवलं, तर नोटीस येते आणि फरकावर व्याजही भरावं लागतं. कोटेशनमध्येच ८.९ लिहा, म्हणजे ग्राहकाशी वाद होत नाही.

छतावरचं_ऊन:
आणि दोन वर्षांनी बॅटरी बदलून दिली तर? किंवा नुसतं स्ट्रक्चर विकलं तर?

एचएसएन_८५४१:
दोन्हीवर १८. स्ट्रक्चर ७३०८ या एचएसएन कोडमध्ये (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, पहिले दोन अंक म्हणजे चॅप्टर) जातं. सवलत फक्त चॅप्टर ८४, ८५ आणि ९४ मधल्या मालाला आणि तीही सुरुवातीच्या उभारणीसाठी, असं जीएसटीच्या परिपत्रक क्र. ८०, ३१ डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. बॅटरी ८५०७, म्हणजे चॅप्टर ८५ मधलीच. पण बदली बॅटरी उभारणीत मोडत नाही. नेमकं इथेच बरेच जण फसतात. वार्षिक देखभालीचा वेगळा करार असेल तर त्यावरही १८.

इन्स्टॉलेशनशिवाय पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर असा संच दिला, तर मामला वादाचा आहे. अ‍ॅडव्हान्स रुलिंग (करदात्याच्या अर्जावर प्राधिकरणाने आधीच दिलेला निर्णय) दोन्ही बाजूंनी आहेत, आणि दुसऱ्याच्या रुलिंगवर विसंबून आपलं बिल काढू नका. ते फक्त अर्जदाराला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बंधनकारक असतं.

कर_वही:
दरबदलाच्या आसपासच्या कामांसाठी सीजीएसटी कायद्याचं कलम १४ बघा. काम २२ सप्टेंबरनंतर झालं, पण बिल आणि पैसे दोन्ही आधीचे असतील तर मालाच्या भागावर जुना १२ टक्केच लागतो. दोन्हींपैकी एक जरी नंतरचं असलं तरी ५.